लोरेटा मावशी आणि माँटेलूपोंची भिंत

लेबर डेच्या लाँग वीकेंडला आमचं नायगारा ठरलं होतं. हॉटेल बुक झालं होतं, इराचा रेनकोट आणला होता, आणि बुधवारी संध्याकाळी शेजारच्या लोरेटा मावशी दारात उभ्या. "शुभा, मला पेनसिल्व्हेनियात नेशील का गं? माझा मुलगा नाही म्हणतोय."

लोरेटा मावशी म्हणजे मिसेस कोवाल्स्की. ऐंशी ओलांडलेल्या, ताठ, एक नंबरच्या हट्टी. २००१च्या हिवाळ्यात आम्ही पार्सिपनीला आलो, तेव्हा बर्फ कसा उपसायचा हे मला त्यांनी शिकवलं आणि माझे कांदेपोहे खाऊन "यात लसूण का नाही?" असं विचारलं. इरा तेव्हा चार वर्षांची होती, आता नऊची आहे. ती त्यांना मावशी म्हणायला लागली, मग आम्ही सगळेच.

त्यांचं माहेरचं आडनाव माँटेलूपो. हे आडनाव लावणारी इटालियन मंडळी दर वर्षी याच वीकेंडला हार्लन क्रीक नावाच्या गावात जमतात. तिथल्या क्लबात एक भिंत आहे. तिच्यावर नाव काढलेल्या माँटेलूपोंचे फोटो लावलेत, आणि दर वर्षी हात वर करून एक नवा निवडतात. मावशींनी दोनदा पोस्टानं आपला फोटो पाठवला आणि दोन्ही वेळा तो परत आला. कारण काय, तर तुम्ही आता कोवाल्स्की.

"आणि फोटो कसला?" मी विचारलं.

"बेसबॉलचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमच्या कारखान्याची बायकांची टीम होती. मी पिचर. आर्मी कँपच्या पुरुषांविरुद्ध खेळलो, त्यातल्या एकालाही मी धाव घेऊ दिली नाही. एकालाही! मुलगा म्हणतो, मॉम, कुणाला पडलंय त्याचं? मला पडलंय. यंदा मी समोर उभी राहून विचारणार आहे. अजून किती वर्षं थांबू मी?"

माझं डोकंच सणकलं. नायगारा कॅन्सल केलं. श्रीरंगचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, तोंड एवढंसं झालं. "अगं, नॉन-रिफंडेबल आहे ते!" मी म्हटलं, धबधबा कुठे पळून जात नाही, मावशींचं वय बघ.

शनिवारी सकाळी निघालो. कुणाला जायचं असेल तर सांगते: आमच्याकडून रूट ८० वेस्ट धरायचा आणि सरळ जात राहायचं. पेट्रोल न्यू जर्सीतच भरून घ्या. इथे स्वस्त पडतं आणि भरून द्यायला माणूस असतो, पलीकडे स्वतः उतरावं लागतं. डेलावेअर नदीच्या पुलावर टोल आहे, सुटे हाताशी ठेवा. नदी दोन डोंगरांच्या मधून वाट काढते, ती जागा बघायला मात्र थांबाच. आम्ही थांबलो, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं काढलं. मावशींनी चार पुऱ्या खाल्ल्या आणि लोणच्याचा खार बोटानं पुसून घेतला.

श्रीरंगचा रुसवा तिथेच संपला. क्रिकेट हा त्याचा जीव की प्राण. त्यानं सहज विचारलं, की मावशी, तुम्ही बॉल धरायचा कसा? मावशींनी डब्यातलं संत्रं उचललं आणि त्यावर दोन बोटं अशी काही ठेवली, की हा उडालाच. "अगं, ही तर कटरची ग्रिप आहे!" पुढचा सगळा रस्ता गाडी मी चालवली आणि हे दोघं मागच्या सीटवर संत्रं फिरवत बसले. इरा मधूनमधून "मॉम, दे आर सो वीअर्ड" म्हणत होती.

हायवे सोडल्यावर डोंगर सुरू होतात. मक्याची शेतं, दर मैलाला एक चर्च, आणि बंद पडलेल्या कोळशाच्या खाणी. आमच्या छापून आणलेल्या नकाशात एक वळण चुकीचं होतं. ते मावशींनी न बघता ओळखलं. "डावीकडे घे. ती माझी शाळा," त्या म्हणाल्या. हार्लन क्रीकमध्ये एकच मोटेल आहे, ते आधी बुक करा. खोली स्वच्छ, नाश्त्याच्या नावानं शंख. शाकाहारी असाल तर घाबरू नका. गावात मोठ्या लोखंडी ट्रेमध्ये चौकोनी पिझ्झा मिळतो, आणि पांढऱ्या घेवड्याचं पास्ता घातलेलं सूप मिळतं. आपण तिखट पूड जवळ ठेवली की झालं, दोन वाट्या सहज जातात.

रविवारी क्लबात गेलो. बाप रे! चार पिढ्यांचे माँटेलूपो, सगळे एकाच वेळी बोलणारे. आपलं कुलसंमेलनच म्हणा ना. तोच नावाचा बिल्ला छातीला, तेच "ओळखलंस का मला?", तीच जेवणाच्या रांगेत घुसणारी एक काकू. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

आणि ती भिंत! बॉक्सर माँटेलूपो, नाक वाकडं पण ऐट केवढी. जज्ज माँटेलूपो. खिमा करायच्या यंत्राला नवा स्क्रू बसवून पैसेवाला झालेला माँटेलूपो. आग विझवताना तीन मुलांना बाहेर काढणारा माँटेलूपो. आणि मधोमध, सगळ्यांत मोठ्या सोनेरी चौकटीत, ऑपेरात गाणारा माँटेलूपो. छाती पुढे, मिशा वर. मी दोनदा बघितलं. त्या अख्ख्या भिंतीवर एक बाई नव्हती. बॉक्सरच्या फोटोत कडेला त्याची आई होती, तिचाही अर्धा चेहरा कापलेला. मावशी माझ्या शेजारी उभ्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून. "इथे," त्या म्हणाल्या आणि जज्जाच्या खाली, सोनेरी चौकटीला लागून असलेल्या चिंचोळ्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. त्यांनी जागासुद्धा ठरवून ठेवली होती.

आता माझी एक खोड सांगते. माझी कसली, आपल्या सगळ्यांचीच. आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न तोंडातून आपोआप पडतो: कुठले तुम्ही? कुलकर्णी म्हणालात तर कुठले कुलकर्णी, पाटील तर कुठले पाटील. गाव कळल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. जेवताना मी जो भेटेल त्याला हेच विचारत सुटले. इटलीतलं गाव कुठलं? कुणाकडून कोण? श्रीरंगनं टेबलाखालून पाय मारला, "पुरे यार, इमिग्रेशन ऑफिसर आहेस का?" पण लोकांना आवडत होतं हो! म्हाताऱ्यांनी कालाब्रियाच्या डोंगरातलं गाव सांगितलं, विहीर सांगितली, कुणाची बकरी कुणी चोरली तेही सांगितलं.

माझ्या समोर व्हिन्स नावाचा डेंटिस्ट बसला होता. मधल्या चौकटीतल्या गायकाचा सख्खा नातू. म्हटलं, तुमचं गाव कुठलं?

"आमचं? आमचं त्या गावाशी काही नातंच नाही," व्हिन्स वांग्याचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला. "आजोबा मूळचे स्कार्पा. न्यूयॉर्कला उतरले, समोर पिंपं बनवणाऱ्या एका माँटेलूपोच्या दुकानाची पाटी होती. पोस्टरवर झकास दिसेल म्हणून नाव उचललं. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. इथे आजवर कुणी विचारलंच नाही."

माझा काटा हवेतच राहिला.

जेवणानंतर सभा. अध्यक्ष साल माँटेलूपो, आडवा, दिलदार, पण नियमाच्या बाबतीत दगड. मावशी उभ्या राहिल्या. आवाज कापत होता, पण थांबल्या नाहीत. फोटो वर धरला: वीस वर्षांची मुलगी, केस टोपीत कोंबलेले, हात मागे ताणलेला, आणि शर्टावर ठसठशीत अक्षरांत माँटेलूपो. "मी या नावानं खेळले," त्या म्हणाल्या. "लोक या नावानं ओरडत होते. मला या भिंतीवर यायचंय."

साल उठला. वाईट त्यालाही वाटत होतं, हे दिसत होतं. "लोरेटा, तुझ्याबद्दल आदर आहे. पण नियम म्हणजे नियम. जो हे नाव लावतो तो माँटेलूपो. तू साठ वर्षं कोवाल्स्की आहेस."

मावशी खाली बसल्या. फोटो पर्समध्ये घालायला लागल्या, तो आत जाईना. ते मला बघवेना. मी हात वर केला. मला कुणी विचारलं नव्हतं. मी पाहुणी, त्यात सांगलीची. श्रीरंग कुजबुजला, "शुभा, नको." मी व्हिन्सकडे बघितलं, बोलू का म्हणून. त्यानं हसून मान हलवली.

"आमच्याकडेही अशी संमेलनं होतात," मी म्हटलं. "मुलगी सासरी गेली तरी तिला आम्ही माहेरवाशीण म्हणतो, पहिल्या पंगतीला बसवतो. तुमच्यात जन्मलेली मुलगी परकी कशी होते, ते मला समजावून सांगा. आणि मग मधल्या चौकटीतले ते गृहस्थ कुठले, तेही सांगा."

सालचा चेहरा लाल. मला वाटलं, आता आपल्याला उचलून बाहेर ठेवतात. तेवढ्यात व्हिन्स उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. स्कार्पा, पाटी, पोस्टर, सगळं. "आजोबांनी नाव उसनं घेतलं, तर त्यांना सोनेरी चौकट. या बाईंचं ते जन्मापासूनचं. एक तर यांना वर लावा, नाहीतर आजोबांना खाली उतरवा."

मग जो गलका उडाला! आपल्या ग्रामसभेला लाजवेल असा. कुणी म्हणे काढा त्याला, कुणी म्हणे हात लावून दाखवा. आणि त्या गोंधळात लोरेटा मावशी परत उभ्या राहिल्या. या वेळी आवाज अजिबात कापत नव्हता.

"त्याला कुणी उतरवायचं नाही! काय गायचा तो! माझी आई इस्त्री करताना रेडिओजवळ उभी राहून रडायची. राहू दे त्याला. नुसता थोडा सरकवा."

आधी कोण हसलं माहीत नाही, पण पुढच्या क्षणी सगळा हॉल हसत होता. सालनं विचारलं, कोण कोण बाजूनं? हातच हात. जेवणाच्या रांगेत घुसलेल्या काकूंनी तर दोन्ही वर केले. इरानंही केला. तिचा मोजला नसेल, पण केला. विरोधात कोण म्हटल्यावर एकही हात वर गेला नाही. सालनं कोट काढला, बाह्या सारल्या आणि स्वतः शिडी आणायला गेला. कबूल करते, मी ढसाढसा रडले. काजळ पार गालावर आलं आणि मला त्याची काडीची पर्वा नव्हती.

गायकबुवा वीतभर डावीकडे सरकले. मावशींनी ठरवलेल्या जागी खिळा ठोकला गेला. सालनं शिडीवरूनच विचारलं, "खाली काय लिहायचं? लोरेटा माँटेलूपो?"

"लोरेटा माँटेलूपो कोवाल्स्की," मावशी म्हणाल्या. "माझा नवरा स्टॅन प्रत्येक गेमला यायचा. माझा ग्लोव्ह घरी तोच न्यायचा. दोन्ही नावं लिही."

मग अ‍ॅकॉर्डियन वाजलं, वाइन आली, तळलेल्या पिठावर साखर भुरभुरलेला एक प्रकार आला. तो चुकवू नका, गरम असतानाच खा. श्रीरंग मावशींबरोबर नाचला. मागच्या अंगणात पोरांनी कुठूनसा बॉल पैदा केला आणि ब्याऐंशी वर्षांच्या बाईनं, बूट काढून, एक बॉल टाकला. फार लांब गेला नाही, पण वळला. श्रीरंग "हाऊज दॅट!" म्हणून ओरडला. का, ते तिथे कुणाला कळलं नाही.

सोमवारी परत. मावशी डेलावेअरपर्यंत बोलत होत्या आणि नंतर तोंड उघडं टाकून झोपल्या. घरी त्यांच्या दारात मुलाची गाडी उभी होती. व्हिन्सनं त्याला फोन केला होता म्हणे. तो नुसता म्हणाला, "मॉम, मला तो फोटो दाखव ना." त्यावर मावशी म्हणाल्या, "बघायचा असेल तर हार्लन क्रीकला जा."

तुम्ही विचाराल, तिथे बघण्यासारखं काय आहे? खरं सांगू, फारसं काही नाही. धबधबा नाही, स्कायलाइन नाही. एक गाव, एक पिझ्झा आणि एक भिंत. पण एवढं जिंकून मी कुठल्याच ट्रिपहून परत आले नव्हते.

त्याच आठवड्यात आईला सांगलीला फोन केला आणि ही सगळी कथा ऐकवली. आईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मी खो-खोची कॅप्टन होते. जिल्ह्याची."

"काय?"

"अगं, लग्नाआधी. माझा टीमबरोबरचा फोटो आहे तुझ्या मामाकडे."

माझं वय अडतीस. ही बाई मला जन्मापासून पोळ्या लाटताना दिसतेय, आणि मला हे आज कळतंय? माझी आई सुनीता वसंत जोशी. हे नाव तिला लग्नात मिळालं, पहिलंसुद्धा. तांदळात अंगठीनं लिहिलेलं. त्याआधी ती विमल होती, एवढं मला माहीत होतं. विमल काय करायची, हे मी कधी विचारलं नव्हतं. आयुष्यभर जगाला कुठले म्हणून विचारत फिरले, आईला सोडून.

मामाच्या मुलानं फोटो स्कॅन करून ई-मेल केला. परकर-पोलक्यातल्या मुली, मधे आई, हातात ढाल, नजर थेट कॅमेऱ्यात. मी तो मोठा करून घेतला, फ्रेम केला आणि हॉलमध्ये लावला. खाली पट्टी चिकटवली. लोरेटा मावशी बघायला आल्या आणि चष्मा वर करून बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. "हिचे पाय बघ," म्हणाल्या. "ही पळायची."

परवा आईचा फोन आला. "खाली नाव कुठलं घातलंस?"

"विमल दत्तात्रय गोखले, कॅप्टन. आणि त्याखाली सुनीता वसंत जोशी."

"बरं केलंस." मग ती म्हणाली, "फायनलला मी अख्खा डाव नाबाद होते. तेही घाल."