होल्ड टॅग लावलेली शेवटची गोष्ट

काल सकाळी मी नानांचा फोन तीनदा कापला.

पहिला त्यांचा स्वतःचा होता. पुढचे दोन काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, त्यांच्याच फोनवरून लावले. दवाखान्यातून.

आणि मी शहाणीने वर मेसेज टाकला, "नाना, एक अक्षर बोलू नका. शेवटची गोष्ट राहिलीय. उद्या कंपनीत टॅग काढू."

चौथा फोन काकूंच्या नंबरवरून आला.

"फोन का उचलत नाय गं तू? नाना गेले आपले."

मला काही कळलंच नाही. मी म्हटलं, "काकू, त्यांना द्या ना फोन."

खरंच असं म्हटलं मी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नाना म्हणजे नाशिकला अंबडमध्ये आमच्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला असलेले नाना. मूळचे दिंडोरीकडचे. मायक्रोमीटर हातात कसा धरायचा हे मला त्यांनी शिकवलं. रिटायर व्हायला दोन वर्षं होती.

आणि ते मांगा वाचायचे.

हो, त्या जपानी चित्रकथा. तलवारी, राक्षस, उडती बेटं. लेक लग्न होऊन मनमाडला गेली आणि तिची खोकंभर पुस्तकं घरीच राहिली. तिची आठवण आली की नाना त्यातलं एक उघडून बसायचे. असं करत करत आख्खी सिरीज संपवली आणि मग मला नादी लावलं.

हिरोचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. "त्याचं कौतुक करायला लय लोकं हायेत. तू हा पूलवाला बघ."

पूलवाला म्हणजे एका चौकटीपुरता दिसणारा म्हातारा. हिरो आणि त्याची गँग दरीवरून पळत सुटलेली, आणि हा तुटक्या पुलाचा दोर धरून उभा. पान उलटलं की गायब. पुढे कुठल्याच भागात नाही.

"दोर सोडला का नाय त्यानं? का आजून धरून उभाय? कोणीच सांगत नाय." कॅन्टीनमध्ये हा विषय किती वेळा निघाला असेल!

मग कळलं की त्याच मांगाच्या जोडीला तीन पुस्तकं निघालीत. आत छोट्या छोट्या गोष्टी, आणि सगळ्या अशाच कोपऱ्यातल्या माणसांच्या. राजवाड्यातली स्वयंपाकीण. घोड्यांना नाल ठोकणारा. आणि तिसऱ्या पुस्तकातली शेवटची गोष्ट पूलवाल्याची.

नाना लहान पोरासारखे खूश झाले.

पण यात चित्रं नव्हती, नुसतं इंग्लिश. नानांचं इंग्लिश ड्रॉइंगवरच्या नोट्सपुरतं. तरी माणूस हटला नाही. बोट ठेवून एकेक ओळ वाचायचे. शब्द अडला की डबा खाता खाता मला विचारायचे आणि त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहायचे.

"रिलक्टंट म्हंजे काय गं?"

"मनात नसताना करणारा."

"मंग तसं लिहायचं ना सरळ!"

त्यांचं वाचून झालं की पुस्तक माझ्याकडे यायचं. तिन्ही पुस्तकं मला नानांच्या पेन्सिलीसकटच माहीत आहेत.

एकच पंचाईत होती. नानांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी भर कॅन्टीनमध्ये म्हणाले, "ती स्वयंपाकीण मेली ना गं! मला जेवण गेलं नाय." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तेव्हापासून नियम झाला. माझं वाचन चालू असताना नानांचा फोन आला की कापायचा. नियम त्यांनीच काढला होता.

आणि माझी खोड म्हणजे शेवटचं पान आधी वाचायचं. ती त्यांनी पकडली होती.

आमच्याकडे एखाद्या मालाबद्दल शंका असली की त्याला पिवळा होल्ड टॅग लावतात. ज्याने लावला त्यानेच सही करून सोडवायचा. तोवर खुद्द मालक आला तरी त्या मालाला हात लागत नाही. नाना याबाबतीत फार कडक.

गेल्या आठवड्यात त्यांनी तिसरं पुस्तक दिलं ते शेवटच्या गोष्टीची पानं दोऱ्याने बांधून. त्याला पिवळा टॅग. होल्डचं कारण: "हिला दम नाही." खाली सही.

"माझ्यासमोर सोडायचं. मला तुझं तोंड बघायचंय."

मीच मग लाडीगोडी लावली. "एवढंच सांगा ना नाना, दोर सोडतो का तो?"

नानांनी ओठांवर बोट ठेवलं. नाना आणि गप्प! मला तर हसूच आवरेना.

काल त्यांच्या घरी गेले. काकूंनी मला जवळ बसवलं.

"तुलाच लावत होते बघ फोन. चहा पीत होते. म्हणे, आता नाय राहावत, सांगूनच टाकतो पोरीला. तू कापला तर आजूनच हसले. म्हणे, पक्की हाय. मंग कप खाली ठेवला आन् छातीला हात लावला."

काकूंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. मला मात्र ते सहन होत नाहीये. हसत होते म्हणून बरं वाटतं, आणि पुढच्याच क्षणी फोन उघडून बघते. तीन ओळी. नाना, नाना, नाना. तिन्ही मी कापलेल्या.

पुस्तक आत्ता समोर आहे. साधा दोरा आहे, ओढला तर सुटेल. बांधलेल्या पानांच्या कडेला तुमची पेन्सिल थोडी थोडी दिसतेय.

पण होल्ड तुमचा आहे, नाना. दुसऱ्याने सोडवायची आपल्यात पद्धत नाही.

त्यामुळे आता करा फोन. सांगून टाका सगळा शेवट. पहिल्या रिंगला उचलते.

येते, नाना.