कोरा राव

माझे वडील एका इंग्रजी अक्षरापायी गेले असं मी म्हटलं की लोकांना वाटतं, दुःखानं हिचं डोकं फिरलंय. फिरलंय खरं, पण दुःखानं नाही, रागानं. अक्षर होतं व्ही. त्याला खाली टोक असतं. ते टोक एका माणसाला नीट काढता आलं नाही आणि पुढं तेहेतीस वर्षं कुणाला पुन्हा बघावंसंही वाटलं नाही. मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. आमच्याकडे एका भोकाचं माप केसभर चुकलं तर अख्खी खेप परत येते आणि वर बोलणी खावी लागतात. तिकडे एक माणूस चुकला, त्याचं काही नाही.

'तिकडे' हा आमच्या घरातला शब्द. अण्णा, म्हणजे माझे वडील, जिथं नोकरीला होते त्या जागेचं नाव घ्यायची त्यांना बंदी होती, म्हणून आम्ही नुसतं तिकडे म्हणायचो. मीही नाव लिहीत नाही. समुद्र होता, अणुभट्टी होती आणि अण्णा तिथं फिटर होते, एवढं पुरे. मी, आई आणि आजी-आजोबा बंगळूरला कॉटनपेटेत राहायचो. अण्णा वर्षातून दोनदा रजेवर यायचे.

आम्ही इथले जुने मराठे. पूर्वज आले त्याला तीनशे वर्षं झाली, घरातली मराठी कानडीत मुरली, आणि आडनाव वाटेत कुठंतरी गळून पडलं. सोळंके हे आमचं आडनाव लग्नपत्रिकेत तेवढं दिसतं. एरवी शाळेत, रेशनकार्डावर आमचे पुरुष नुसतेच कोणी ना कोणी राव, आणि पुढं एखादं आद्याक्षर. अण्णा म्हणजे विश्वासराव. १९५७ साली ते नोकरीवर हजर झाले तेव्हा कारकून निघाला पुण्याकडचा.

"आडनाव?" त्यानं विचारलं.

"नाही. नुसतं विश्वासराव."

"अहो, मराठी माणूस आणि आडनाव नाही? माझा रकाना पुढं कसा सरकायचा?"

अण्णांना पत्रिकेतलं नाव नोकरीत सांगायची लाज वाटली. कारकुनानं मग विश्वासरावाचे दोन तुकडे केले, मानाच्या रावाचं आडनाव केलं आणि इंग्रजीत लिहिलं, राव व्ही. अण्णा ही गोष्ट वर्षानुवर्षं हसत सांगायचे. आम्हीही हसायचो, आणि त्या हसण्याची आता मला चीड येते. सोळंके म्हणाले असते तर एसच्या खणात एकटे बसले असते. राव झाले, आणि तिकडे राव आणखी तीन होते. त्यातला एक उडुपीकडचा, नकाशे काढणारा, उपेंद्र राव. म्हणजे राव यू.

अणुशक्तीचे ते सुरुवातीचे दिवस. बाहेर देशभर कौतुक चाललेलं, आणि आत कुठल्यातरी नळीचा सांधा गळायचा. तो आवळायला यंत्र नव्हतं, माणूस जायचा. रबरी हातमोजे, तोंडाला फडकं, हातात पाना. दाराशी एकजण घड्याळ घेऊन उभा राहून मोठ्यानं सेकंद मोजायचा, नव्वद झाले की आतल्यानं हातातलं काम टाकून पळत बाहेर यायचं आणि दुसऱ्यानं आत शिरायचं. छातीवर एक बिल्ला असायचा, त्यात फोटोच्या फिल्मचा तुकडा. शरीरावर किरणं किती पडली ते त्या फिल्मवर उमटायचं. महिन्याच्या महिन्याला फिल्म धुवायची, आकडा कार्डावर चढवायचा. वर्षाची मर्यादा ठरलेली. कार्ड भरलं की त्या माणसाला वर्षभर आत पाठवायचं नाही. पद्धत चांगली होती, मी काही अडाणी नाही, मला कळतं.

फक्त अण्णांचं कार्ड कधी भरायचंच नाही. इतरांची दिवाळीपर्यंत भरायची, अण्णांचं मार्चपर्यंत कोरं. मग साहेब कार्डं चाळायचे आणि म्हणायचे, "कोण शिल्लक आहे? कोरा राव आहे ना, त्याला पाठवा." कोरा राव हे त्यांचं नावच पडलं. आणि अण्णांना त्याचा अभिमान! मला ते कानडीत मगा म्हणायचे, म्हणजे बाळा. रजेवर आले की छाती फुगवून सांगायचे, "माझ्या अंगाला ते लागतच नाही, मगा. मी हात चपळ चालवतो." वरचे त्यांना बळीचा बकरा करत होते आणि हे खूश होते.

आमचे आजोबा शिंपी. दिवसाला किती सदरे शिवून झाले ते लक्षात राहावं म्हणून दुकानाच्या पडद्यावर एकेक टाका घालायचे. अण्णांनी तीच सवय तिकडे नेली. आत जाऊन आले की खोलीवर परतल्यावर खाकी पिशवीच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याचा एक टाका. रजेवर आले की मी लहानपणी ते टाके मोजायची. शेवटी एकशेबारा झाले.

चाळिसाव्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तिकडच्या डॉक्टरनं कार्ड बघितलं आणि म्हणाला, होतो एखाद्याला लवकर. १९९० साली निवृत्त होऊन अण्णा आले, आम्ही आनेकलला छोटं घर घेतलं. पाच वर्षं बरी गेली. मग त्यांच्या अंगावर निळे डाग उठायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. हाडांतला रक्त तयार करणारा मगजच खराब झालाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. पूर्वी काय काम करायचे ते ऐकून डॉक्टर ताठ बसले. "तिकडून किरणांच्या डोसचा दाखला मागवा. तो मोठा असेल तर तिथले तज्ज्ञ स्वतः उपचार करतात, आमच्याहून चांगले."

मी पत्र धाडलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं. तेहेतीस वर्षांचा एकूण डोस नगण्य. एवढा डोस तर बाहेर बाग झाडणाऱ्यालाही मिळतो. आजाराचा नोकरीशी संबंध नाही.

अण्णांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे मी आत गेलोच नाही," ते म्हणाले. मी उपचाराचं बोलत होते, पण त्यांच्या मनाला दुसरंच लागलं होतं. त्यांची सगळी नोकरी म्हणजे आत जाणं, आणि कागद सांगत होता की हा माणूस कधी आत गेलाच नाही. त्या दिवसापासून त्यांना एकच हवं होतं. मरायच्या आधी कुणीतरी कागदावर लिहावं की विश्वासराव आत गेले होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दुसरं पत्र लिहिलं, कडक, अण्णांचं नाव-पत्ता ठळक घालून, की कार्ड पुन्हा तपासा. त्याचं उत्तर आमच्याकडे आलंच नाही. ते आलं एका माणसाच्या हातातून.

रविवारी सकाळी दारात एक गृहस्थ उभे राहिले. सत्तरीचे, ताठ, पांढरी स्वच्छ पँट. बसवनगुडीहून दोन बस बदलून आले होते.

"विश्वासराव इथंच राहतात का? मी उपेंद्र राव. तुमच्या पत्राचं उत्तर माझ्या घरी आलंय बघा. सोबत तुमचं पत्र, त्यावरूनच पत्ता मिळाला, आणि माझ्या कार्डाची नक्कल आहे. तुम्हांला माझं कार्ड कशाला हवं होतं?"

अण्णांनी त्यांना बसवलं. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. उपेंद्र रावांच्या कार्डावर वर्षामागून वर्ष मर्यादेला टेकलेलं, काही वर्षी ओलांडलेलं.

"तुम्ही आत कधी जायचा?" अण्णांनी विचारलं.

"मी? मी नकाशे काढायचो हो. वरच्या मजल्यावर, पंख्याखाली. आत एकदाही गेलो नाही."

मग दोन्ही कागदांवरची नावं पुन्हा पुन्हा बघत उपेंद्र रावांनीच उलगडा केला. फिल्म धुवायच्या खोलीतला माणूस पाकिटावर पेन्सिलनं नावं लिहायचा. त्याचा व्ही खाली गोल यायचा आणि यू टोकदार. कार्ड भरणारा ते उलटं वाचायचा. पुढं बिल्ल्यांना नंबर आले, पण यादी त्याच हातानं लिहिली, म्हणून चूक नंबरांतही पक्की झाली. अण्णांची किरणं उपेंद्र रावांच्या नावावर, आणि उपेंद्र रावांचा पंखा अण्णांच्या.

"तुम्हांला हे केव्हा कळलं?" मी विचारलं.

"अक्षराचं आत्ता इथं कळलं. कार्ड माझं नाही, असा अंदाज त्रेसष्ट साली आला. तीनदा जाऊन सांगितलं, की मी आत जात नाही. ते म्हणाले, फिल्म खोटं बोलत नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, तुम्हीच बिल्ला कुठंतरी नेऊन ठेवत असाल, चौकशी लावू. चौथ्यांदा मी गेलो नाही."

"आणि तो डोस कुणाचा असेल, असा विचार नाही आला?"

"आला. राव आणखी तीन होते. विचारता आलं असतं." त्यांनी मान खाली घातली. "नाही विचारलं."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. माझ्या बापाला नव्वद नव्वद सेकंदांनी मारलंत आणि तोंडाला कुलूप लावून नकाशे काढत बसलात, असं बोलले. आई मला आवरत होती. अण्णा मात्र उठले, पिशवी आणली, आतली बाजू बाहेर काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. "मोजा," म्हणाले. उपेंद्र राव बोट ठेवून एकेक टाका मोजत गेले. एकशेबारा म्हणाले आणि बोट शेवटच्या टाक्यावर तसंच ठेवलं.

"मुलं किती तुम्हांला?" अण्णांनी विचारलं.

"नाहीत. लग्नाला सहा महिने झाले आणि डॉक्टरनं कार्ड दाखवलं. म्हणाला, मूल धड होईल याची खात्री नाही, विचार करून ठरवा. आम्ही ठरवलं. स्मिता दोन वर्षांपूर्वी गेली. तिला आई व्हायचं होतं."

"पण तुम्हांला ठाऊक होतं ना, कार्ड खोटं आहे?"

"अंदाज होता. खात्री नव्हती. फिल्म खोटं बोलत नाही, असं रोज ऐकलं की माणूस घाबरतो हो."

अण्णांच्या हातात कॉफीचा पितळी लोटा होता, तो त्यांनी भिंतीवर फेकला. मी त्यांना जन्मात रागावलेलं पाहिलं नव्हतं. "फिल्म खोटं बोलत नाही!" ते ओरडले. "आणि लिहिणारा?" दम लागून ते खाली बसले. भिंतीवरचा तो कॉफीचा डाग आम्ही अजून पुसलेला नाही.

दोघांनी मिळून अर्ज केला. सगळी हकीकत, दोघांच्या सह्या, पिशवीचा फोटो. उपेंद्र रावांनी नकाशातल्या सुबक अक्षरात लिहिला, व्हीची टोकं सुईसारखी. पाच महिने तिकडून हूं की चूं नाही. मग पत्र आलं. जुन्या फिल्म नियमानुसार नष्ट केल्या आहेत. अक्षराची शहानिशा आता शक्य नाही. कापडावरचे टाके ही नोंद मानता येत नाही. सबब कार्डात बदल करता येणार नाही. आणि खाली, जणू काही उपकारच, की श्री. राव यू. यांचा डोस मोठा असल्यानं त्यांनी यापुढं आमच्या तज्ज्ञांकडून तपासणी आणि उपचार विनामूल्य करून घ्यावेत.

उपेंद्र राव ते पत्र घेऊन धावत आले. "विश्वासराव, तुम्ही जा. माझं नाव सांगून. तिथं मला चेहऱ्यानं ओळखणारं आता कुणी नाही. डोस तुमचा, आजार तुमचा, नाव तेवढं माझं."

आमचे डॉक्टरही म्हणाले, तिकडचे उपचार मिळाले तर दोन वर्षं, कदाचित तीन. मी अण्णांच्या पाया पडले.

"नको," अण्णा म्हणाले.

"का नको? त्यांनी फसवलं, आपण फसवू!"

"स्वल्प ऐक, मगा. मी उपेंद्र होऊन गेलो तर त्यांचं कार्ड खरं ठरतं. तेहेतीस वर्षं मी त्या नावावर जमा झालो. आता मरताना तरी माझं मी मरतो."

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. आजही तो राग गेलेला नाही. एका कागदापायी आम्हांला दोन वर्षं नाकारली त्यांनी. त्यांचं म्हणणं मला कळतं, पटत मात्र नाही.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात अण्णा गेले. मृत्यूचा दाखला काढायला मी आनेकलच्या कचेरीत गेले. काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता कानडीत नाव आणि आद्याक्षर विचारलं, "हेसरु? इनिशियल येनु?"

"इनिशियल बेडा," मी म्हणाले, आद्याक्षर नको, पूर्ण नाव लिहा. "पूर्ण हेसरु बरीरि. विश्वासराव सोळंके."

तो वैतागला, पण लिहायला लागला, इंग्रजीत. मी काउंटरवर ओणवी होऊन बघत होते. पहिलंच अक्षर खाली गोल आलं.

"खोडा ते," मी इतक्या मोठ्यानं ओरडले की सगळी रांग गप्प झाली. "खोडा, आणि पुन्हा काढा. खाली टोक असतं त्याला."