शेजारच्या सीटवरचा ब्रेक

निघताना सुहास सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेला, हँडलला हात लावला आणि मग गुपचूप गाडीला वळसा घालून पलीकडे जाऊन बसला. मी पाहिलंच नाही असं दाखवलं आणि आरसे नीट करत राहिले. ते मी आदल्या दिवशीच नीट करून ठेवले होते.

महिन्यापूर्वी माझा हा नवरा ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलता बोलता कोसळला. लगेच शुद्धीवरही आला. सगळ्या तपासण्या झाल्या, पण कारण सापडलं नाही. डॉक्टरांनी काही आठवडे गाडी चालवायला बंदी घातली. डोंगरावर जायला मात्र त्यांची हरकत नव्हती, आणि मुलगी समर कॅम्पला जाणार होती त्या आठवड्यासाठी आम्हा दोघांची क्लाउडक्रॉफ्टची केबिन आधीच बुक होती. न्यू मेक्सिकोतल्या त्या उंचावरच्या गावात भर जुलैत स्वेटर लागतो म्हणे.

"कॅन्सल करू यार," सुहास म्हणाला. पण घरात बसून बसून त्याचा चेहरा उतरत चालला होता. "मी ड्राइव्ह करते," असं मी म्हणून गेले, आणि मग माझीच झोप उडाली.

इथे टेक्सासमध्ये, आमच्या प्लेनोत मी कितीतरी वर्षं गाडी चालवते, पण ऑफिस, मुलीची शाळा आणि इंडियन स्टोअर एवढ्यापुरतीच. गावाबाहेर पडलं की स्टिअरिंग त्याचं. कारण त्याला शेजारी बसवून गाडी चालवणं ही शिक्षा आहे. तो एका हाताने दारावरचं हँडल घट्ट धरतो आणि उजव्या पायाने तिथे नसलेला ब्रेक दाबत राहतो. त्याच्या पायाखालचं मॅट झिजलंय, असं मी लोकांना सांगते. ही अतिशयोक्ती आहे, पण थोडीशीच.

फोर्ट वर्थच्या फ्लायओव्हरवर त्याचं ब्रेक दाबणं सुरू झालं. "अगं, त्या ट्रकला जाऊ दे ना."

"जातोच आहे तो. मी काय धरून ठेवलंय त्याला?"

पण मला ट्रकची भीती नव्हती. दर मिनिटाला माझी मान उजवीकडे, त्याच्याकडे वळत होती.

"समोर बघ," तो म्हणाला. "मी आहे इथेच."

"मग बोलत राहा. तू गप्प बसलास की मला भीती वाटते."

मग त्याने दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पेट्रोल पंप, चर्च, वकिलांच्या जाहिराती, काहीही सोडलं नाही. ॲबिलीन मागे पडलं, पवनचक्क्या संपल्या आणि मान खालीवर करणारे तेलाचे पंप लागले. शेवटी त्याने "न्यू मेक्सिकोत स्वागत" ही पिवळी पाटी वाचली, तेव्हा घड्याळ एक तास मागे गेलं. "एक तास फुकट मिळाला!" तो खूश झाला. मला मात्र ड्रायव्हिंगचा एक तास वाढल्यासारखंच वाटलं.

आर्टेशियात जेवायला थांबलो. "लाल की हिरवी?" वाढणाऱ्या बाईंनी विचारलं. इथे प्रत्येक पदार्थावर मिरचीचा रस्सा घालतात आणि रंग आपण निवडायचा. सोबत गरम सोपापिया (तळून फुगवलेली पुरी, मधाबरोबर खातात) होत्या.

"गाडी कोण चालवतंय?" बाईंनी विचारलं.

"मी."

"मग तुम्हाला एक जास्त," म्हणत त्यांनी माझ्या ताटात आणखी एक सोपापिया ठेवली. सुहासने त्या सोपापियाकडे आशेने पाहिलं. मी ती पूर्ण खाल्ली.

पुढे चढ लागला. पाइनची झाडं दाट झाली. एसी बंद करून काचा उघडल्या तर थंडगार वारा आत आला. जरा सैल होऊन बसते तोच मागे "फट्!" असा आवाज झाला. टायर! मी कशीबशी गाडी कडेला घेतली. सुहास उतरायला लागला तशी ओरडले, "तू उतरू नकोस!"

टायर चारही शाबूत होते. मागच्या सीटवर मात्र चिवड्याचा सडा पडला होता. उंचावरच्या विरळ हवेत पाकीट फुगून फुटलं होतं. सुहास महिन्याभरात पहिल्यांदा पोट धरून हसला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले.

क्लाउडक्रॉफ्ट खरंच सुंदर आहे. सकाळी गवतावर दव असायचं आणि केबिनसमोरून हरणं निवांत जायची. पण मला आठवतं ते आमचं फिरणं. तो थांबला की मी विचारायची, "काय होतंय?"

"काही नाही. खार बघतोय."

दुसऱ्या दिवशी तो हळूच म्हणाला, "तू अशी बघतेस ना, मला वाटतं मी आत्ता पडणार." त्यानंतर मी खारीच बघितल्या.

परतताना डोंगर उतरलो आणि उकाडा सुरू झाला. टेक्सासमध्ये शिरलो, कपाशीची सपाट शेतं लागली. बराच वेळ एकही पाटी वाचली गेलेली नाही, हे माझ्या एकदम लक्षात आलं. सुहासची मान खिडकीकडे कलली होती. तोंड अर्धवट उघडं होतं. हँडलवरचा हात मांडीवर पडला होता.

"सुहास!"

गाडी कधी कडेला घेतली, आठवत नाही. त्याचा खांदा धरून गदागदा हलवला तेव्हा त्याने डोळे उघडले.

"काय झालं? ठोकलीस?"

"तू... तू झोपला होतास?"

"डोळा लागला जरा."

"मी चालवत असताना?"

त्यालाही नवल वाटलं असावं. समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "छान चालली होती गं गाडी." आणि सीट मागे करून पुन्हा झोपला. मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मग प्लेनोपर्यंत एका डोळ्याने रस्ता आणि दुसऱ्याने त्याच्या छातीचं वरखाली होणं बघत गाडी चालवली.

आता बंदी उठली आहे. गेल्या शनिवारी चिवडा आणायला आम्ही इंडियन स्टोअरमध्ये गेलो, तेव्हा गाडी त्याने चालवली. सिग्नल लाल झाला. त्याने अगदी वेळेवर, हळुवार वेग कमी केला.

"हळू दाब," तो म्हणाला. "मॅट झिजेल."

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय मॅटवर घट्ट रोवलेला होता. सिग्नल हिरवा झाला तरी मला तो उचलवला नाही.