मावशीचे सुटे शब्द

अंबाजोगाईच्या आमच्या कॉलेजात तेव्हा एकच कॉम्प्युटर होता. त्यावर बोलीतले उच्चार नोंदवायचा प्रोग्राम आला होता. समोरच्याने माइकमध्ये शब्द म्हणायचा, पडद्यावर हिरवी नागमोडी रेघ उमटायची. शब्द तीनदा घ्यायचा, स्वच्छ असेल तो ठेवायचा, बाकी सगळं खोडायचं. जागा कमी असे. ते काम माझ्याकडे होतं.

त्याच सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या माझ्या मावशीला शिरूर कासारहून इथल्या दवाखान्यात आणलं. घशात गाठ होती. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिला माइकपुढे बसवलं. तिचा आवाज मागे राहावा, एवढंच मनात होतं.

शब्द आपण सांगायचा नाही, विचारून काढून घ्यायचा, असा नियम होता.

"ऊस कशानं तोडता?"

"कोयत्यानं. इतकी बुकं वाचली अन् एवढं ठावं न्हाई?" ती हसली, खोकली. "पर आमच्यात नवरा-बायकोच्या जोडीलाबी कोयताच म्हनत्यात. माझा अर्धा कोयता गेला, तवापासून लेकीला संगं नेते. लई गुणाची हाय माझी…"

"मावशी, नुसता शब्द."

"नुसता शब्द कोन बोलतं रं, मास्तर?"

तरी ती ताठ बसली आणि हजेरी दिल्यासारखं म्हणाली, "कोयता."

दुपारभर असंच चाललं. मधेच ती लेकीला हाक मारल्यासारखी नाव घेऊन बोलायची. संध्याकाळी मी नियमाप्रमाणे तिचं बोलणं, हसू, खोकला, सगळं खोडलं. चाळीस शब्द उरले.

ऑपरेशननंतर ताप चढला. मावशी घरी परतली नाही.

दिवसकार्य झाल्यावर तिची लेक आली. "दादा, आईचा आवाज तुमच्याकडं हाय म्हनं."

मी हेडफोन दिला. चूल. पाणी. कोयता. ये. वासरू. ती डोळे मिटून ऐकत राहिली. सगळे संपल्यावर तिने विचारलं, "मला हाक मारलेली न्हाई का कुठं?"

"यादीत नावं नव्हती," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. खोडल्याचं मात्र मी बोललो नाही. आजवर बोललेलो नाही.

तिने हेडफोन कानाशी घट्ट धरला. मग म्हणाली, "त्यात एक 'ये' होतं बघा. तेवढंच लावा."

मी लावलं.

"आजून एकदा, दादा."