राबावरचं अंथरूण

आमच्याकडे पाहुणे जमले की माझ्या सायकलसफरीची गोष्ट निघते, आणि ती मी सोडून बाकी सगळे सांगतात. बायको चढाचा भाग सांगते, मुलगी तंबूचा. दोघींपैकी एकही तिथे नव्हती. म्हणून म्हटलं, एकदा आपणच लिहून ठेवावं की एका घराच्या वर्षभराच्या भातावर मी तंबू ठोकला होता, तो कसा.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी चाळिशी ओलांडलेला, दिवसभर कचेरीच्या खुर्चीत बसून खुर्चीच्याच आकाराचा झालेला गृहस्थ. एका रात्री जेवताना जाहीर केलं : एकट्याने सायकलवर पेठच्या डोंगरात जाणार, उघड्यावर राहणार, कुणाची मदत घेणार नाही. नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही घरात स्वतःचं अंथरूण तरी घालता का?"

"जाऊ दे ग," बायको म्हणाली, "तेवढीच एक दिवस एक गादी कमी घालायची."

झालं. आता जाणं भागच होतं.

मे महिन्यातल्या एका पहाटे पंचवटी ओलांडली. कॅरियरवर मित्राचा तंबू, हँडलला रॉकेलचा स्टोव्ह लटकवलेला. रामशेजपर्यंत मी स्वतःवर फार खूश होतो. सावळ घाटात सायकल माझ्यावर बसली म्हटलं तरी चालेल. पहिल्या वळणानंतर उतरलो ते थेट माथ्यावर गेल्यावरच पुन्हा चढलो. शेजारून जाणाऱ्या जीपच्या टपावरून कुणीतरी ओरडलं, "काका, सायकल बिघडली का?" मी मान हलवली. बिघाड कशात आहे ते सांगत बसलो नाही.

पण माथ्यावर टेकलो आणि पश्चिमेकडे पाहिलं. डोंगरामागे डोंगर, सगळे भाजल्यासारखे तांबडे. कुठल्या कुठल्या उतारावर कौलाचं एखादं घर आणि त्याच्याशेजारी जमिनीचा एक काळा चौकोन. कुणी ठिगळं लावून ठेवावीत तसे ते चौकोन दिसत होते. ते काय आहेत, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला भूक लागली होती.

करंजाळीच्या पुढे, ऊन कलल्यावर, डांबरी रस्ता सोडून पायवाटेला लागलो. एका टेकाडाखाली सपाट जागा दिसली. अशी जागा मी जन्मात पाहिली नव्हती. वाळलेला पाला, त्यावर गवत, एकसारखं पसरलेलं, चांगलं वीतभर जाड. वरून भुरभुरवलेली माती. देवाने माझ्यासाठी गादी घालून ठेवलेली. फक्त ती माती पाठीला टोचेल म्हणून तंबूपुरती झाडून बाजूला केली. वास आला म्हणून गवत उचकलं, तर खाली शेणाचा थर लागला, तोही जमेल तितका पायाने सारला. खुंट्या ठोकल्या, तंबू उभा केला, स्टोव्ह मांडला आणि काडी काढली.

"ओ बाबा! ती काडी ठेवा खाली!"

वरच्या उतारावरून एक बाई अक्षरशः धावत येत होती, तिच्या मागे तिचा नवरा. जवळ येऊन तिने आधी काडी बघितली, मग तंबू, मग मला.

"कुठनं आले तुम्ही?"

"नाशिकहून. फक्त आजची रात्र, मावशी."

"मावशी?" तिने मला टकलापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "बरं, मावशी तर मावशी. पन भाच्या, तू आमच्या राबावर झोपला ना!"

मग तिने सांगितलं. राब म्हणजे भाताची रोपं उगवायचा वाफा. थंडीच्या दिवसांपासून त्या दोघांनी झाडावर चढून फांद्या तोडलेल्या, डोक्यावरून भारे आणलेले, शेण, पाला, गवत असा थर लावलेला. तो भाजायचा, मग त्या जमिनीत भात पेरायचं. जमीन भाजली नाही तर तण माजतं, रोप उठत नाही. आणि रोप नाही तर लावणार काय, खाणार काय? दोन दिवस आभाळ भरून येत होतं. राब भिजला की पेटत नाही, आणि नवा पाला आणायला झाडावर आता पाला होता कुठे? आज सांजेला भाजायचाच, असं ठरवून ते निघाले, तर राबावर निळा तंबू.

"अंथरूण घातल्यावानी दिसला व्हय?" नवरा एवढंच बोलला.

पश्चिमेला काळं दाटलं होतं. गडगडलं. तंबू उपटताना दोन खुंट्या निघेचनात, त्याने त्या कोयत्याच्या पाठीने उडवल्या. मी सारलेलं शेण ओंजळींनी परत आणलं. झाडलेली माती बाई पुन्हा भुरभुरवत होती. "माती का लागते?" मी विचारलं.

"नायतर भडकतो ना. भडकला की वरच्या वर जळतो, जमिनीला काय नाय मिळत. हळू जळाया पाह्यजे."

वारा कुठून येतो ते तिने चिमूटभर राख सोडून पाहिलं आणि वाऱ्याच्या उलट टोकाला आग लावली. आग वाऱ्याला छाती देत, इंच इंच, मातीखालून सरकायला लागली. ज्वाळा जवळजवळ नाहीच. फक्त एक लाल काठ, आणि तो पुढे गेला की मागे काळा चौकोन वाढलेला. ती दोघं हातात ओले डहाळे घेऊन कडेकडेने चालत होती. माझ्याही हातात डहाळा दिला होता. मी समोर पाहिलं तर पलीकडच्या डोंगरावर, त्याच्या पलीकडच्या डोंगरावर, घराघरापाशी तसाच एकेक लाल काठ सरकत होता. सगळ्यांनी एकच आभाळ वाचलं होतं. तेवढ्या मुलखात ते वाचता न येणारा मी एकटा होतो. एवढा मोठा डोंगर आणि एवढीशी आग, आणि त्या आगीवर पुढचं सगळं वर्ष. माझ्या अंगावर काटा आला. तो अजून येतो.

काठ माझ्या तंबूच्या जागेवर आला तेव्हा मात्र आग भसकन उठली, मिनिटभरात संपली. बाई थांबली. डहाळ्याने कडा दाबली आणि पुढे गेली.

पाऊस तेवढा नुसताच गरजून उत्तरेकडे गेला. राब पुरता भाजला. रात्री त्यांनी नागलीची भाकरी वाढली आणि ओट्यावर बाईने घोंगडी अंथरली. म्हणजे अंथरूण शेवटी दुसऱ्यानेच घातलं. हे घरी सांगितलं ती माझी चूक झाली.

जुलैत मी परत गेलो. एसटीने, सायकलीचा विषय मी काढला नाही. मुलीला बरोबर नेणार होतो, पण ती म्हणाली, "तुमचं तुम्ही निस्तरा." आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती, दोघं गुडघाभर चिखलात. राबाची जागा हिरवीगार, रोप दाट, बोट शिरणार नाही असं. आणि मधोमध, माणूसभर लांब, एक आयत. त्यात रोपं पिवळी, विरळ, आणि तण. कडा इतक्या सरळ की खुंट्या कुठे होत्या तेही सांगता आलं असतं.

"आला का भाच्या? ती बघ तुझी जागा."

"रोप पुरलं का?" एवढ्यासाठीच मी आलो होतो.

"एक खाचर राहील." तिने हातातली रोपांची जुडी पाण्यात आपटून चिखल झाडला. "खालचं, ओढ्याकडलं. ते आसंच ठेवायचं औंदा."

मी ते खाचर पाहिलं. नुसतं पाणी, आभाळ पडलेलं. मग पँट वर केली आणि माझ्या त्या आयतात जाऊन बसलो. संध्याकाळच्या गाडीपर्यंत तण उपटलं, पिवळी का होईना, रोपं निवडून काढली. दोन जुड्या झाल्या. बाईने त्या हातात घेऊन पाहिल्या, नवऱ्याला दाखवल्या, आणि दोघं ओढ्याकडच्या खाचरात उतरली. एका कोपऱ्यात, जेमतेम तंबूएवढ्या जागेत, त्यांनी ती लावली.