चुलीजवळची फळी

मार्चमधल्या एका मंगळवारी ताई कामावर आल्या नाहीत. दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला. ताई गेल्या होत्या.

"आधी बूट काढ." त्या माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी चिखलात, गाडलेल्या जहाजाच्या कडेला उभा होतो. इथली शेतं डचांनी समुद्र हटवून केलेली; काही दशकांपूर्वी ती पाण्याखाली होती. नांगर खोल गेला की अजूनही बुडालेली जहाजं लागतात. ताई ती उकरायच्या, मी त्यांचे आराखडे काढायचो.

ताई हर्णैच्या, कोळ्यांच्या घरातल्या. "आमचा आजा होडीत पायताण घालून येणाऱ्याला पाण्यात उतरवायचा," त्या सांगत. जहाज काही शतकं बुडालेलं का असेना, ताई बूट काढून, फळीला हात लावून, तो कपाळाला टेकवूनच आत पाऊल टाकत.

"न्यूमोनिया होईल," आमचा डच प्रमुख यान म्हणायचा.

"तू जन्मभर पावसात सायकल चालवतोस. तुला झाला?"

एका जहाजाची नोंद नुसती 'मालवाहू' म्हणून होणार होती. शुक्रवारी शेतकऱ्याला जमीन परत द्यायची होती. गुरुवारी ताई विटांच्या चुलीपाशी थबकल्या.

"इथे फळी झिजल्येय. पायाला लागतंय."

"पाण्याने झिजली असेल," यान म्हणाला.

"पाणी काय चुलीसमोर उभं राहून रांधतं? इथे कुणीतरी रोज उभं राहिलंय, वर्षानुवर्षं. बाई असेल. हे घर होतं, यान, आणि तू तिला मालात धरतोयस. बूट काढ, उभा राहा."

यान हट्टी माणूस. पण त्याने बूट काढले. त्याचं भलंथोरलं पाऊल त्या खळग्यात मावेना. त्याने अंगठ्याने खळग्याची कड चाचपली. मग म्हणाला, "आठवडाभर मुदत मागतो."

त्या आठवड्यात चुलीमागच्या गाळातून लहान मुलाचा चामडी बूट निघाला. एकच. ताईंनी तो तळहातावर धरला.

"बघ," त्या यानला म्हणाल्या, "या पोरानेसुद्धा काढून ठेवला होता."

ओल्या मातीतच लाकूड टिकतं, म्हणून ते जहाज आम्ही पुन्हा झाकलं. वर बटाटे लावलेत. तुम्ही त्या रस्त्याने गेलात तर फक्त शेत दिसेल. पण अहवालात लिहिलंय : 'या जहाजावर एक कुटुंब राहत होतं.' खाली ताईंचं नाव आहे. ते पान मी येईल त्याला दाखवतो.

नव्या खड्ड्याच्या काठावर आता बुटांचे पाच जोड असतात. सगळ्यात मोठा यानचा.