अक्कांनी उचलून नेलेली तेलाची वाटी

माझा पाय आणि बहुधा जीवही वाचवला तो मळमड्डी भागातल्या आमच्या घरमालकीण अक्कांनी. त्या कानडी, निवृत्त नर्स. सातवीत शाळा सोडून मिरजेकडून इथे खाणावळीत चपात्या लाटायला आलेली मी. डावा पाय सुजला, तो उभं राहूनच सुजला असं धरून रोज जोर लावून तेल चोळत होते. अक्कांनी वाटीच उचलून नेली.

"ब्याड, चोळू नको. आत गुठळी असली तर सुटून छातीत जाईल."

तपासणीत गुठळी निघाली, आणि तिचं कारण शोधताना आतड्यात कॅन्सर. अक्कांनी समजावलं, की कॅन्सरमुळे रक्त लवकर गोठतं, शिवाय चाळवलेल्या पांढऱ्या पेशी जंतू पकडायची जाळी भलत्याच जागी टाकतात आणि रक्त त्यांत अडकतं.

"म्हणजे राखणदारांनीच वाट अडवली?"

"घाबरलेत बिचारे. तुझ्यासारखेच."

ऑपरेशन वेळेत झालं. सुजल्या पायाचे उपकार मानायची पाळी आली. आता अक्कांचे गुडघे दुखतात. मला हात लावू देत नाहीत. पण एक दिवस चोळायला हरकत नाही अशी डॉक्टरांची चिठ्ठी आणून त्यांच्यापुढे ठेवीन आणि तीच वाटी घेऊन बसेन.